दोनशे टॅलंट नाकारणारा राजा

पिऱ्हस हे नाव मराठी वाचकाला बहुधा एकाच संदर्भात भेटते. इ.स.पू. २७९ मध्ये आस्कुलमच्या रणांगणावर त्याने रोमनांना हरवले, पण माणसे इतकी गमावली की असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलोच, असे तो म्हणाल्याचे सांगतात. तेव्हापासून न परवडणाऱ्या यशाला त्याचे नाव चिकटले. निवडणुकीच्या विश्लेषणात, अग्रलेखात ते अजून येते. मला मात्र इथे त्याच्या आयुष्याची पहिली सतरा-अठरा वर्षे पाहायची आहेत. ती वर्षे वाचताना राजांच्या बालपणाविषयी आपण एकमेकांना आणि आपल्या मुलांना जे सांगतो, त्यातले बरेचसे बदलायला हवे असे मला तीव्रतेने वाटते.

राजाच्या बालपणाची गोष्ट आपल्याकडे आणि जगभर पराक्रमाची नांदी म्हणून सांगितली जाते. थोर कूळ, जन्माच्या वेळचे शुभ संकेत, शत्रूच्या हातून अद्भुत सुटका आणि मग गादी. या साच्यात जे बसत नाही ते गळून जाते. माझे म्हणणे असे की जे गळते तेच आधी सांगायला हवे. सत्ता जिथे रक्ताच्या नात्याने उतरते, तिथे राजघराण्यातले मूल हे नुसते मूल राहत नाही. ते गादीवरचा जिवंत हक्क होते, आणि मग मोठी माणसे त्या हक्काचे जे करतील तेच त्या मुलाचे होते. त्याला जपून ठेवतात, ओलीस देतात, त्याची किंमत ठरवतात किंवा त्याला संपवतात. एपायरसच्या राजघराण्यात हे सगळे प्रकार दोन-तीन पिढ्यांत घडले. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी प्राचीन लेखकांनी नावानिशी लिहून ठेवल्या आहेत.

एपायरस म्हणजे ग्रीक जगाचा वायव्य कोपरा, आजच्या ग्रीस आणि अल्बेनियाच्या सीमेवरचा डोंगराळ मुलूख. तिथल्या मोलोसियन लोकांवर राज्य करणारे घराणे स्वतःला ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीसचे वंशज म्हणवी. अकिलीसचा मुलगा निऑप्टोलेमस युद्धानंतर या भागात आला आणि त्याच्यापासून आपला वंश चालला, अशी त्यांची कुळकथा होती. इ.स.पू. ३१९ च्या सुमारास राजा आयाकिडीसला मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव ठेवले पिऱ्हस. निऑप्टोलेमसचे हे दुसरे नाव. बाळाच्या बहिणीचे नाव डेडामिया, तेच निऑप्टोलेमसच्या आईचे. आईचे नाव फ्थिया, तेच अकिलीसच्या मायभूमीचे. अख्खे घर महाकाव्यातून नावे घेऊन उभे होते. फ्थिया ही थेसलीतल्या फार्सालसच्या मेनॉनची मुलगी. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर मॅसिडोनियाविरुद्ध ग्रीकांनी जे युद्ध पुकारले, त्यात या मेनॉनने मोठे नाव कमावले आणि त्याच धामधुमीत इ.स.पू. ३२१ मध्ये तो मारला गेला. म्हणजे पिऱ्हस जन्मला तेव्हा त्याचा आजोळचा मोठा आधार आधीच गेला होता.

वडिलांकडचा आधारही डळमळीतच होता, आणि त्याचे कारण घरातच होते. अलेक्झांडरची आई ऑलिंपियास ही याच घराण्यातली, आयाकिडीसची चुलत बहीण. तिचे मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपशी इ.स.पू. ३५७ मध्ये लग्न झाले तेव्हा एपायरसचा राजा होता तिचा काका आरिबास, म्हणजे पिऱ्हसचा आजोबा. फिलिपने पुढे काय केले? ऑलिंपियासच्या धाकट्या भावाला लहानपणीच आपल्या दरबारी नेले, तिथे वाढवले आणि वयात येताच त्याच्या नावाने आरिबासला गादीवरून उठवले. हा भाऊसुद्धा अलेक्झांडरच. त्याला एपायरसचा अलेक्झांडर म्हणतात. शेजारच्या राज्याचा एक मुलगा हाताशी ठेवायचा आणि योग्य वेळी त्याचा हक्क पुढे करून राज्य घ्यायचे, ही पद्धत इथे पूर्ण दिसते.

आरिबास अथेन्सला आश्रयाला गेला. अथेन्सच्या लोकसभेने त्याच्याविषयी केलेला ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. त्याच्या रथशर्यतींतल्या विजयांची चित्रेही त्या शिळेवर आहेत. पण महत्त्वाचा आहे तो मजकूर. आरिबास आणि त्याच्या मुलांना कोणतीही इजा होणार नाही याची काळजी नगराच्या सभेने आणि सेनापतींनी घ्यावी, कोणी त्यांचा जीव घेतला तर अथेनियन नागरिकाचा खून केल्याची शिक्षा त्याला व्हावी, आणि त्यांचे वडिलोपार्जित राज्य त्यांना परत मिळवून देण्यासाठी सेनापतींनी झटावे. या मुलांपैकी एक आयाकिडीस. म्हणजे पिऱ्हसच्या वडिलांचे नशीबही एका परक्या नगराच्या ठरावावर टांगलेले होते. मुलाच्या जिवाला धोका आहे हे गृहीत धरूनच ठराव लिहिला गेला, ही गोष्ट मला अकिलीसच्या सगळ्या वंशावळीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

आयाकिडीस पुढे राजा झाला, आणि ऑलिंपियासच्या भांडणात ओढला गेला. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या अल्पवयीन वारसाच्या नावाने मॅसिडोनियात जो सत्तासंघर्ष पेटला, त्यात एका बाजूला ऑलिंपियास आणि दुसऱ्या बाजूला मॅसिडोनिया बळकावू पाहणारा सरदार कॅसँडर होता. इ.स.पू. ३१७ मध्ये पिडना या बंदरात कॅसँडरने तिला वेढले. चुलत बहिणीच्या मदतीला आयाकिडीस सैन्य घेऊन निघाला. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की बहुतेक सैनिक नाइलाजाने आले होते. छावणीत बंडाळी माजली. ज्यांना यायचे नाही त्यांनी परत जावे, असे राजाने सांगितले. परत गेलेल्यांनी राजाच्या गैरहजेरीत सार्वजनिक ठराव करून त्यालाच हद्दपार केले आणि कॅसँडरशी तह केला. अकिलीसच्या मुलापासून आजवर या देशात असे कधी घडले नव्हते, असे डायोडोरस आवर्जून नोंदवतो.

या ठिकाणी मी मोलोसियन लोकांच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. राजाच्या नातलगाच्या भांडणात आपण का मरावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्याकडे तसा रिवाजही होता. पासारॉन नावाच्या ठिकाणी राजा आणि प्रजा झ्यूसला बळी देऊन एकमेकांना शपथ देत. आपण कायद्याप्रमाणे राज्य करू असे राजा म्हणे, कायद्याप्रमाणे हे राज्य राखू असे प्रजा म्हणे. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने ही प्रथा नोंदली आहे. अटी घालून दिलेले राज्य अटी मोडल्यावर काढून घेता येते, हे त्या डोंगरातल्या लोकांना कळत होते. पण राजाला हटवण्याचा अधिकार वापरताच पुढचा पेच उभा राहिला. त्याचा मुलगा? तो जिवंत असेपर्यंत गादीवर दावा जिवंत. राजाचे मित्र मारले गेले आणि मारेकरी दोन वर्षांच्या आतबाहेरच्या एका पोराच्या शोधात निघाले. बापाविरुद्धचा निकाल न्याय्य असेल, पण त्याची वसुली बाळाकडून होते. वंशपरंपरेच्या राज्यपद्धतीतच ही क्रूरता आहे. त्यासाठी कोणी वाईट राजा असावा लागत नाही.

पलायनाची हकिकत प्लूटार्कने तपशिलाने दिली आहे. अँड्रोक्लाइडीस आणि अँजेलस या दोघांनी मूल पळवले. पण मूल पळवायचे तर त्याला पाजणाऱ्या, सांभाळणाऱ्या बायाही बरोबर हव्यात, चार नोकर हवेत. त्यामुळे वेग मंदावला आणि पाठलाग करणारे जवळ आले. तेव्हा त्यांनी बाळ तीन धडधाकट तरुणांच्या हाती दिले आणि मॅसिडोनियातल्या मेगारा या गावाकडे जीव घेऊन पळायला सांगितले. स्वतः मागे थांबून कधी विनवण्या करत, कधी लढत संध्याकाळपर्यंत शत्रूला अडवले. गावाजवळून वाहणारी नदी पावसाने फुगली होती. पलीकडच्या लोकांना हाका मारल्या तर पाण्याच्या आवाजात ऐकू जाईना. शेवटी एकाने ओकच्या झाडाची साल सोलली, कमरपट्ट्याच्या काट्याने तिच्यावर मुलाची हकिकत कोरली, ती दगडाभोवती गुंडाळून पलीकडे फेकली. पलीकडच्यांनी वाचले, झाडे तोडून तराफा बांधला आणि ते आले. पहिला जो आला त्याचे नाव अकिलीस होते, असेही प्लूटार्क सांगतो.

हे शेवटचे नाव मला खरे वाटत नाही. राजाने पुढे मोठेपणी दरबारात इतिहासकार पदरी बाळगले होते. प्रॉक्सेनस हा त्यातला एक. राजाच्या स्वतःच्या आठवणींचा उल्लेखही प्राचीन लेखकांत येतो. प्लूटार्क चारशे वर्षांनी लिहीत होता आणि असल्या दरबारी परंपरेतले बरेच काही त्याच्यापर्यंत झिरपले असणार. पूर्वज अकिलीसच जणू नदी ओलांडून बाळाला घ्यायला आला, हे दरबाराला फार सोयीचे होते. पण त्या बायांमुळे पलायन मंदावले, हा तपशील कोणाच्याही सोयीचा नाही, म्हणून तो खरा असावा असे मला वाटते. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. तीन तरुणांची नावेही आहेत: अँड्रोक्लेऑन, हिप्पियास, नेआंडर. ज्यांच्या दुधावर आणि हातांवर ते मूल जगले त्या मात्र ‘बाया’ एवढ्याच राहिल्या. फ्थियाचा, म्हणजे खुद्द आईचा, या हकिकतीत उल्लेखही नाही.

पळालेली माणसे पोचली इलिरियातल्या टॉलांटी लोकांचा राजा ग्लॉकियास याच्याकडे. तो पत्नीसह बसला होता. त्यांनी बाळ त्या दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवले. ग्लॉकियास बराच वेळ गप्प राहिला, कारण त्याला कॅसँडरची भीती होती. तेवढ्यात बाळ आपणहून रांगत गेले, राजाच्या वस्त्राला धरून त्याच्या गुडघ्यांशी उभे राहिले. राजा आधी हसला आणि मग त्याला दया आली. दुसऱ्या एका कथेनुसार बाळ देवाच्या वेदीशी गेले आणि तिला कवटाळून उभे राहिले.

इथेही सजावट दिसते. इ.स.पू. ३१९ चा जन्म धरला तर हे मूल नुसते रांगण्याच्या वयाच्या बहुधा पुढे गेलेले होते. शिवाय गुडघे धरणे आणि वेदी कवटाळणे या ग्रीक जगातल्या शरणागताच्या ठरलेल्या खुणा होत. ज्याने हे ऐकले त्याला एक जुनी गोष्ट नक्की आठवली असणार. पर्शियनांना सलामिसला हरवणारा अथेन्सचा थेमिस्टोक्लीस पुढे देशोधडीला लागला तेव्हा तो मोलोसियन राजा अ‍ॅडमेटसच्या घरी गेला. राजा घरी नव्हता. राणीने सांगितल्यावरून थेमिस्टोक्लीस राजाच्या मुलाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसला. शरण येण्याची ही सर्वांत मोठी रीत होती, असे थ्युसिडिडीस लिहितो. अथेन्स आणि स्पार्टा, दोघांची माणसे मागणी घेऊन आली. अ‍ॅडमेटसने त्याला दिले नाही. हा अ‍ॅडमेटस पिऱ्हसच्याच घराण्यातला. ज्या घराने एकदा परक्याला पाठीशी घातले, त्याच घरातले बाळ दीडशे वर्षांनी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर आले. कथा घडवली असेल, पण ती ज्या रीतीवर घडवली ती रीत खरी होती. लोक तिला मानत होते, म्हणूनच कथा त्या रीतीत बसवावीशी वाटली.

आणि पुढचा भाग तर कथेवर अवलंबूनच नाही. कॅसँडरने बाळाच्या बदल्यात ग्लॉकियासला २०० टॅलंट देऊ केले. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी, ६,००० द्राख्मा. २०० टॅलंट म्हणजे पाच टनांहून जास्त चांदी, बारा लाख द्राख्मा. त्या काळी अथेन्समधल्या साध्या मजुराची दिवसाची कमाई एक-दीड द्राख्मा होती. ग्लॉकियासने नकार दिला. इ.स.पू. ३१४ मध्ये कॅसँडरने अपोलोनिया हे शहर घेऊन ग्लॉकियासचा लढाईत पराभव केला, आणि आपल्या मित्रांवर हल्ला करायचा नाही असे त्याच्याकडून तहात कबूल करून घेतले. हरलेल्या राजाकडून एक मूल काढून घेणे किती सोपे होते! तरी पिऱ्हस तिथेच राहिला, ग्लॉकियासच्या मुलांबरोबर वाढला.

ग्लॉकियासचा स्वार्थ होता, असे कोणी म्हणेल. शेजारच्या गादीचा वारस हाती असणे फायद्याचेच, फिलिपने तेच केले होते. शिवाय रोमन इतिहासकार जस्टिन सांगतो की ग्लॉकियासची पत्नी बेरोआ ही याच एपायरस घराण्यातली होती. म्हणजे नाते होते. मला हे दोन्ही मान्य आहे. हेतू शुद्ध असल्याचे मी सिद्ध करू पाहत नाही. पण फायदा हिशोबात धरला तर पाच टन चांदी आणि बलाढ्य शेजाऱ्याची मैत्री रोख समोर होती, आणि दुसरीकडे एक पोर, जे दहा वर्षांनी उपयोगी पडले तर पडले. शिवाय नाते असूनही मारणारे त्याच काळात ढिगाने होते. म्हणून त्या नकाराची किंमत मी कमी करायला तयार नाही.

तुलनेसाठी फार लांब जावे लागत नाही. अलेक्झांडरला बार्सिनेपासून झालेला हेराक्लीस नावाचा मुलगा होता. इ.स.पू. ३०९ मध्ये पॉलिपर्कॉन या जुन्या सेनापतीने त्याला वारस म्हणून पुढे केले. कॅसँडरने पॉलिपर्कॉनला किंमत सांगितली. प्लूटार्क १०० टॅलंटचा आकडा देतो. पॉलिपर्कॉनने त्या किशोरवयीन मुलाला जेवायला बोलावून मारले. ग्लॉकियासला सांगितलेल्या किमतीच्या ही निम्मी.

आणि अलेक्झांडर चौथा. इ.स.पू. ३२३ मध्ये बाप, म्हणजे थोरला अलेक्झांडर, मेल्यावर जन्मलेला, राणी रोक्सानाचा मुलगा, जन्मतःच अर्ध्या जगाचा राजा. पिऱ्हसपेक्षा चारएक वर्षांनी मोठा. पिऱ्हसची बहीण डेडामिया त्याची वाग्दत्त वधू होती. दोघेही लहान असताना आजी ऑलिंपियासबरोबर पिडनाच्या वेढ्यात उपाशी अडकले होते. म्हणजे आयाकिडीस ज्यांच्या मदतीला निघाला होता त्यांत त्याची स्वतःची मुलगीही होती. इ.स.पू. ३१६ मध्ये पिडना पडले. ऑलिंपियासला मारले. मुलाला आईसह अँफिपोलिसच्या गडावर ठेवले. त्याच्याबरोबर वाढणारी सरदारांची मुले काढून घ्यावीत आणि त्याला राजासारखे नव्हे, सामान्य माणसासारखे वागवावे, असा कॅसँडरचा हुकूम होता. इ.स.पू. ३११ च्या तहात सगळ्या सेनापतींनी कबूल केले की हा मुलगा वयात येईपर्यंत कॅसँडरने युरोप सांभाळावा. त्या कलमानेच त्याचा शेवट ठरवला. वयात येण्याची मुदत लिहिली गेली आणि मुलगा मोठा होत होता. आता त्याला सोडा आणि बापाचे राज्य द्या, असे मॅसिडोनियात लोक बोलू लागले. कॅसँडरने पहारेकऱ्यांच्या प्रमुखाला हुकूम दिला की रोक्साना आणि राजा दोघांना मारावे, प्रेते लपवावीत, बातमी फुटू देऊ नये. त्या प्रमुखाचेही नाव ग्लॉकियास होते. एकाच काळात एकाच नावाच्या दोन माणसांपुढे एकाच माणसाकडून मागणी आली.

१९७८ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या व्हर्गिना येथे मानोलिस आंद्रोनिकोस यांना एक न लुटलेले थडगे सापडले. त्यात चांदीच्या कलशात, सोन्याच्या ओक-पानांच्या हाराखाली, दहन केलेल्या हाडांचे अवशेष होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे. बहुतेक अभ्यासक तो अलेक्झांडर चौथा मानतात. मारायचे गुपचूप आणि पुरायचे राजाच्या इतमामाने. आजही माणसे त्या सोन्याच्या हारापुढे उभी राहतात, आणि तो हार ज्याचा आहे त्याच्या लहानपणाविषयी सांगायला आपल्याकडे गड, पहारा आणि हुकूम याशिवाय काहीच नाही.

‘त्या काळची रीतच तशी होती, आजच्या मापाने का मोजता?’ हा आक्षेप इथे हमखास येतो. पण प्रेते लपवण्याचा हुकूम देणाऱ्या कॅसँडरला ही रीत वाटत नव्हती. लपवण्याजोगे काही आपण करतो आहोत हे त्याला ठाऊक होते. आरिबासच्या मुलांसाठी ठराव करणाऱ्या अथेन्सला, थेमिस्टोक्लीसला पाठीशी घालणाऱ्या अ‍ॅडमेटसला, २०० टॅलंट नाकारणाऱ्या इलिरियन राजाला चांगले-वाईट कळत होते. मोलोसियन आणि इलिरियन लोकांना इतर ग्रीक अर्धवट रानटी समजत, ही बाब वेगळी. मूल वाचवावे ही कल्पना आपण आज मागे नेऊन चिकटवत नाही. ती तेव्हाही होती, आणि ती मोडणाऱ्यांनी ती जाणूनबुजून मोडली.

आता पिऱ्हसच्या परतण्याकडे येतो, कारण त्याच्या बालपणाच्या गोष्टीतला सगळ्यांत गाळला जाणारा भाग हाच आहे. आयाकिडीस इ.स.पू. ३१३ मध्ये लढाईत मारला गेला. त्याचा थोरला भाऊ आल्केटास गादीवर आला. हा संतापी माणूस. प्रजेला त्याने इतके छळले की लोकांनी त्याला ठार केले. बरोबर त्याची दोन मुलेही मारली. डायोडोरसने त्यांची नावे दिली आहेत, एसिओनियस आणि निसस, आणि ती लहान होती असेही लिहिले आहे. इ.स.पू. ३०७ च्या सुमाराची ही गोष्ट. त्यानंतर ग्लॉकियासने सैन्य घेऊन बारा वर्षांच्या पिऱ्हसला एपायरसला नेले आणि राजा केले. पुस्तके हे परतणे आनंदाने सांगतात. गादी मोकळी कशी झाली ते सांगत नाहीत. पिऱ्हसच्या त्या दोन चुलत भावांना कोणी ओकच्या सालीवर चिठ्ठी लिहून नदीपार नेले नाही.

सतराव्या वर्षी त्याची गादी पुन्हा गेली, आणि तीही एका लग्नाला गेल्यामुळे. ज्यांच्याबरोबर वाढला त्या ग्लॉकियासच्या मुलांपैकी एकाचे लग्न होते. राजा राज्याबाहेर गेला आणि मोलोसियनांनी उठाव करून त्याच्या माणसांना हाकलले, मालमत्ता लुटली, गादी निऑप्टोलेमसला दिली. हा निऑप्टोलेमस बहुतेक अभ्यासकांच्या मते एपायरसच्या अलेक्झांडरचा मुलगा. त्याचा बाप इटलीत लढताना मारला गेला तेव्हा तोही लहानच होता. ज्याला आपण या गोष्टीतला खलनायक समजतो तोही तसाच वाढलेला.

पिऱ्हस आता बहिणीच्या आसऱ्याला गेला. अलेक्झांडर चौथ्याची वाग्दत्त वधू डेडामिया एव्हाना डेमेट्रियसची, म्हणजे अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याच्या मुलाची, बायको झाली होती. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या मोठ्या लढाईत तो डेमेट्रियसच्या बाजूने लढला आणि ती बाजू हरली. समोरच्या सेल्युकसकडे, अलेक्झांडरच्या आणखी एका सेनापतीकडे, हत्तींचे प्रचंड दळ होते. ते चंद्रगुप्त मौर्याशी केलेल्या तहात त्याला मिळालेल्या ५०० हत्तींतले. अठरा वर्षांच्या त्या मुलाचा भारताशी आलेला हा संबंध. पुढे डेमेट्रियस आणि इजिप्तचा राजा टॉलेमी यांच्यात करार झाला तेव्हा करारापोटी ओलीस म्हणून अलेक्झांड्रियाला पाठवला गेला तो पिऱ्हसच. तिथे त्याने राणी बेरेनिकेची मर्जी संपादली, तिची आधीच्या लग्नाची मुलगी अँटिगनी हिच्याशी त्याचे लग्न झाले, आणि टॉलेमीचा पैसा व सैन्य घेऊन तो इ.स.पू. २९७ मध्ये घरी परतला. आधी निऑप्टोलेमसबरोबर राज्य वाटून घेतले. थोड्याच काळात त्याला जेवायला बोलावून ठार केले. पॉलिपर्कॉनने हेराक्लीसला मारले होते तसेच.

अशा खडतर बालपणानेच तो थोर सेनापती घडला, असे कौतुकाने म्हणतात. हे मला सर्वांत अमान्य आहे. जे जगले त्यांच्याकडे बघून खडतरपणाचे गुण गाणे सोपे असते. अलेक्झांडर चौथ्याचे बालपण याहून खडतर होते, आणि त्यातून घडले ते व्हर्गिनाचे थडगे. शिवाय पिऱ्हस घडला तो कसा? त्याच्या एका मुलाने लहानपणी विचारले, राज्य कोणाला देणार? तो म्हणाला, तुमच्यापैकी ज्याची तलवार जास्त धारदार असेल त्याला. हे प्लूटार्क सांगतो, आणि त्याला हे उत्तर भयंकर वाटते. मलाही वाटते. भावाभावांना एकमेकांचे शत्रू म्हणून वाढवणारा हा बाप स्वतः दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मुलांबरोबर मायेने वाढलेला होता. ग्लॉकियासच्या घराने त्याला जगवले, पण दरबारांनी त्याला जे शिकवले ते पक्के बसले. त्याचा मोठा मुलगा टॉलेमी इ.स.पू. २७२ मध्ये स्पार्टाच्या स्वारीत मारला गेला. थोड्याच दिवसांत अर्गोसच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाईने छपरावरून फेकलेल्या कौलाने पिऱ्हस पडला आणि मारला गेला.

घराण्याचा शेवट इ.स.पू. २३३ च्या सुमारास झाला. शेवटची राजकन्या, पिऱ्हसची पणती, तिचेही नाव डेडामिया. अँब्रासियात ती आर्टेमिसच्या देवळात शरण गेली आणि तिथेच मारली गेली. त्यानंतर एपायरसच्या लोकांनी राजा नेमला नाही, संघराज्य केले, दर वर्षी सेनापती निवडू लागले. पासारॉनच्या शपथेत जे बीज होते ते शंभर वर्षांनी असे उगवले, पण एका मुलीच्या रक्तानंतर. त्या संघराज्यावर पुढे संकटे आली, रोमन सैन्याने इ.स.पू. १६७ मध्ये तो मुलूख भयानक लुटला, हे खरे आहे. पण निवडलेला सेनापती पदावरून गेला की त्याच्या घरी पाळण्यात कोण आहे, याची चौकशी करायची गरज उरली नव्हती. मला राजेशाहीविरुद्धचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद वाटतो. राजा नालायक निघू शकतो, हा नेहमीचा मुद्दा त्यापुढे दुय्यम आहे.

म्हणून इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्यांकडे, मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे अगदी साधे आहे. पिऱ्हसचे बालपण जरूर सांगा. नदी, साल, तराफा हे सगळे सांगा, कारण ते सुंदर आहे. अकिलीसची वंशावळ मात्र दोन ओळींत उरका. त्याऐवजी पाच टन चांदीचा हिशोब मांडा आणि ती कोणी नाकारली ते सांगा. बाळाबरोबर बाया होत्या, म्हणून पलायनाला वेळ लागला आणि म्हणूनच बाळ जगले, हेही सांगा. बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसला या वाक्याच्या आधी एक वाक्य घाला, की त्या गादीवरच्या माणसाची एसिओनियस आणि निसस ही दोन लहान मुले त्याच्याबरोबर मारली गेली होती.